लग्नाच्या फोटोत बॅकग्राउंड किती उडवायचं (ब्लर करायचं)? मागचं घर, मागची माणसं ठेवून कसं काढता?

तांबडी_माती

राम राम मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. सात वर्षं झाली लग्नं काढतोय, बहुतेक खानापूर, बेळगाव, चंदगड ह्या पट्ट्यातली. एक अल्बम मनातनं जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या वैशाखात जांबोटी रस्त्याकडच्या एका गावात लग्न होतं. हॉल नाही, दारातच मांडव. जांभ्या दगडाचं घर, कौलं, लांब पडवी, अंगणाच्या कडेला बुंध्यापर्यंत लगडलेलं फणसाचं झाड. मी महिन्याभरापूर्वीच ८५ एमएम एफ १.८ लेन्स घेतली होती (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि मागचं जास्त धूसर). ती दिवसभर कॅमेऱ्यावरनं उतरलीच नाही. देवक, हळद, रुखवत, अक्षता, सगळं एफ १.८ वर. रात्री स्क्रीनवर बघताना वाटलं, आजवरचं सगळ्यात चांगलं काम हेच. चेहरे कोरल्यासारखे आणि मागं लोण्यासारखं मऊ हिरवं-पिवळं.

अल्बम द्यायला गेलो. नवरीचे बाबा पडवीत बसून एकेक पान उलटत होते. अंतरपाटाच्या पानावर थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला आणि विचारलं, "मामा कुठं हाय रे ह्यात?"

मामा होता. त्यानंच तिला मांडवात आणलं होतं आणि अक्षता पडेपर्यंत तो तिच्या पाठीशी दोन पावलं मागं उभा होता. फोटोत तिच्या खांद्यामागं एक गव्हाळ डाग आणि डागावर केशरी पट्टा, म्हणजे त्याचा फेटा. नाक नाही, डोळे नाहीत. अक्षतेचे चौदा फोटो होते, चौदाही तसेच. तो मामा गोव्यात कामाला, दोन दिवसांची रजा काढून आलेला. त्याचा आणि भाचीचा एकत्र असा स्वच्छ एकही फोटो मी काढलेला नाही.

मग बाबा म्हणाले, "फोटो झकास आलेत. खरं आमच्या दारात मांडव घातला होता ते कळंना झालंय." रागानं नाही बोलले. म्हणूनच ते जास्त लागलं.

नंतर गणित मांडून बघितलं. फुल फ्रेमवर (म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ एमएम, एफ १.८, अंतर २ मीटर: शार्प पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटरचा. नवरीचा डोळा शार्प, कानातली कुडी तेवढ्यातच मऊ व्हायला लागते. दोन पावलं मागच्या माणसाला त्यात जागा कुठनं मिळणार?

तुम्ही काय करता? कुठं उडवता, कुठं ठेवता? दारातल्या मांडवात, हॉलात, प्री-वेडिंगला, जे असेल ते सविस्तर लिहा.

शटर_टिळकवाडी

दादा, तुझी तळमळ कळली, पण ब्लरला दोषी ठरवू नकोस. बेळगावात माझी दहातली आठ लग्नं हॉलात असतात. नवरीच्या मागं काय असतं सांगतो: पांढरी झालर चढवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवरचे पंखे, एसीचे पाइप, मोबाइलमध्ये मान घातलेली चार पोरं आणि बाजूला व्हिडिओवाल्याचा लाइट. हे ठेवून नवरीला काय मिळणार आहे? तिथं एफ १.८ म्हणजे तिच्यावर केलेला उपकार आहे.

आणि पाठवणी. आई लेकीला धरून रडतेय, भोवती पन्नास माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. त्या वेळी मला ते दोन चेहरे सोडून काही नको असतं. पाठवणी मी एफ १.८ वरच काढणार, आजही आणि उद्याही.

तुझ्या लग्नात चूक लेन्सची नाही. अक्षता ही एकटीची वेळ नसते एवढंच.

वडगावची_सून

मी फोटोग्राफर नाही, पण ज्यांचे फोटो निघतात त्यांच्या बाजूनं लिहिते.

माझ्या लग्नात माझ्या दोन आत्यांनी महिनाभर बसून रुखवत केलं होतं. साखरेची तुळस, लोकरीचा गणपती, सुपारीची भांडी, मण्यांचा झोपाळा. माझ्या अल्बममध्ये रुखवताचे अकरा फोटो आहेत. सगळ्यांत मी पुढं हसतेय आणि मागं रंगीत गोळे आहेत. एका फोटोत तर फक्त मण्यांचा झोपाळा शार्प आहे, बाकी टेबल गायब. आत्या बघायला आल्या तेव्हा मी ते पान पटकन उलटलं.

प्री-वेडिंगचंही तेच. सासरे विणकर. घरात माग आहे, दिवसभर धोट्याचा खटखटाट चालू असतो. शहापूर-वडगावात आमच्यासारखी किती घरं होती आणि आता किती राहिली, हे इथल्या लोकांना सांगायला नको. माझी इच्छा होती मागापाशी एक फोटो व्हावा. फोटोग्राफर म्हणाला, "वैनी, तिथं फार पसारा आहे, आपण रिसॉर्टला जाऊ." गेलो. हिरवळीवर काढले, मागं सगळं उडवलं. ते फोटो आता बघितले की कुठले ते मला स्वतःलाही सांगता येत नाही.

पसारा म्हणजेच आमचं घर होतं हो.

शटर_टिळकवाडी

वैनी, तुमचं वाचून थांबलो. मागाचा फोटो अजूनही काढता येईल. पसाऱ्याचा धाक असेल तर ताण्याच्या पलीकडनं काढायचा. कॅमेरा ताण्याच्या धाग्यांना जवळजवळ चिकटवायचा, ८५ वर एफ २.८, फोकस पलीकडच्या माणसावर. जवळचे धागे इतके विरघळतात की नुसतं पातळ रंगीत धुकं दिसतं, आणि मागची चौकट, फणी, सासऱ्यांचे हात ओळखू येतात. ब्लर पुढं घ्यायचा, मागं नाही. पडदा आपल्या बाजूला, घर त्यांच्या बाजूला. दिवस सांगा, मी येऊन काढतो.

जुना_निगेटिव्ह

मी १९८४ पासून ह्या धंद्यात. आता मुलगा बघतो, मी मांडवात खुर्ची टाकून बसतो. तांबडी_माती, तुझ्या वयाच्या पोरांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो.

आमच्याकडं याशिका कॅमेरा होता, ८० एमएमची लेन्स, १२० चा रोल. एका रोलला बारा फोटो. म्हणजे अख्ख्या लग्नाला चार-पाच रोल, बस्स. फिल्म १०० ची, आणि फ्लॅशचा गाइड नंबर (त्याच्या ताकदीचा आकडा) ३२ च्या आसपास. ३२ ला अंतरानं भागायचं. चार मीटरवर जोडपं असेल तर एफ ८. फ्लॅशला तेवढाच लागायचा म्हणून एफ ८, ब्लर नको म्हणून नव्हे. त्यामुळं आमच्या फोटोत आपोआप सगळं यायचं: चौकटीवरचं तोरण, भिंतीवरचं कॅलेंडर, दारात उभी राहिलेली शेजारची बाई, कोनाड्यातली चिमणी. तेव्हा गिऱ्हाईक भांडायचं की हे कॅलेंडर कशाला आलं. आज तीच माणसं तो फोटो घेऊन येतात, मोठा करून मागतात आणि बोट ठेवून सांगतात, ही आमची जुनी चौकट, हा आमचा जुना कोनाडा.

आमचं सगळं बरोबर होतं असं म्हणत नाही. फ्लॅश समोरनं बसायचा, चेहरे पिठासारखे पांढरे, मागं भिंतीवर काळी सावली. तुमचा उजेड आमच्यापेक्षा शंभरपट चांगला आहे. फक्त बारा फोटोंचा हिशोब असताना आम्ही प्रत्येक फोटोला एक प्रश्न विचारायचो: ह्यात कोण कोण यायला पाहिजे? मामा, मामी, करवली, भटजी. नावं आधी ठरायची, मग बटण दाबायचं.

एक_बटा_पाचशे

तांबडी_मातीनं ६ सेंटीमीटरचं गणित दिलंय ते बरोबर, पण ते फक्त शार्प किती हे सांगतं. मागचं *किती* उडेल ते त्यातनं कळत नाही, आणि आपला प्रश्न तोच आहे. मला उपयोगी पडलेला हिशोब देतो. पाठ करायला सोपा आहे.

लेन्सच्या एमएमला एफच्या आकड्यानं भागा. आलेला आकडा म्हणजे लेन्सचं उघडं भोक. ८५ भागिले १.८ म्हणजे ४७ एमएम. आता नवरीच्या मागं खूप लांब असलेल्या वस्तूचा प्रत्येक ठिपका फोटोत एक गोल होऊन पसरतो. तो गोल नवरी उभी आहे त्या जागी मोजला तर बरोबर त्या भोकाएवढा, म्हणजे ४७ एमएमचा भरतो. नवरी दोन मीटरवर असो की पाच, सेन्सर लहान असो की मोठा, हा आकडा बदलत नाही.

ह्याचा उपयोग असा. नवरीचा चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत धरा १८ सेंटीमीटर. ४७ एमएम म्हणजे चेहऱ्याचा साधारण पाव भाग. तर ८५ वर एफ १.८ ठेवलं की लांबच्या पार्श्वभूमीतलं जे जे तुमच्या फ्रेममध्ये तिच्या पाव चेहऱ्याहून लहान दिसतंय, ते सगळं विरघळणार. जे त्याहून बरंच मोठं दिसतंय त्याचा आकार राहणार. एफ ८ केलं तर गोल साडेदहा एमएमचा, ओठाच्या जाडीएवढा. काकांच्या याशिकाचं बघा: ८० भागिले ८ म्हणजे १०. म्हणून त्यांच्या फोटोत कोनाडा सुद्धा ओळखू येतो.

मागची वस्तू फार लांब नसेल तर गोल त्या प्रमाणात लहान होतो. कॅमेऱ्यापासून नवरी ३ मीटर, घराची भिंत १२ मीटर, तर ४७ चे पाऊणपट, म्हणजे ३५. आता मामाचं बघू. नवरी २ मीटर, मामा ३ मीटर: एक तृतीयांश, म्हणजे साधारण १६ एमएम. मामाचा डोळा मागं असल्यामुळं फोटोत २ सेंटीमीटरचा दिसतो, त्यावर १६ एमएमचा गोल फिरला. डोळा जाणारच. तिथंच एफ ५.६ असतं तर गोल ५ एमएमचा. मामा मऊ आला असता, पण मामा म्हणून आला असता. आणि ३५ एमएमची लेन्स एफ ४ वर लावली असती तर गोल ३ एमएमच्याही आत.

"ब्लर करू की नको" असा प्रश्नच नाही, कशाचा आकार राहायला हवा ते आधी ठरवा. हलशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळासमोर जोडपं उभं केलंत तर त्याचं पायऱ्यापायऱ्यांचं कदंब पद्धतीचं शिखर एफ २.८ वरही ओळखू येतं, कारण ते आकारानंच मोठं आहे. पण दारावरचं कोरीव काम पाहिजे असेल तर एफ ८ च्या आसपास जावंच लागेल.

तांबडी_माती

एक_बटा_पाचशे, हे कुणीतरी सात वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आज सकाळी घरातच करून बघितलं. बायकोला दारात उभं केलं, मागं तुळशीवृंदावन. एफ १.८ वर नुसता हिरवा ढग. एफ ४ वर वृंदावनाचा चौथरा आणि वरची तुळस दोन्ही कळतात, आणि तरी नजर आधी चेहऱ्यावरच जाते. माझा आत्तापर्यंत समज होता की एफ ४ म्हणजे सगळं सपाट शार्प. तसं अजिबात नाही.

एक अडचण विचारतो. आमच्याकडं गोरज मुहूर्त पुष्कळ. दिवस मावळलेला, मांडवात चार बल्ब. तिथं एफ ५.६ कसं परवडतं?

एक_बटा_पाचशे

आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) ३२०० ते ६४०० ला घाबरू नको, आताचे कॅमेरे सहज झेपवतात. दाणा आला तरी मामा दिसतो. बाकी मांडवाचं छत पांढरं असेल तर फ्लॅश वर फिरवून आपटव, मऊ उजेड खाली पसरतो. लाल-पिवळं कापड असेल तर हे करू नको, हळद नसताना सगळे पिवळे होतील. अक्षता हवेत थांबवायच्या असतील तर शटर ५०० च्या वर (म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून जलद) लागतं आणि मग अंधारात एफ ५.६ जमत नाही हे खरं. मी तेव्हा एफ ४ आणि २०० शटर धरतो. अक्षतांच्या छोट्या रेघा येतात. त्या मला आवडतात.

येळ्ळूरवाट

प्री-वेडिंगबद्दल वडगावच्या वैनी सोडून कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या भागातल्या पोरांना राजहंसगड मागं पाहिजे असतो. ह्याच मातीत वाढलेली पोरं, शाळेत जातायेता रोज गड बघितलेला, ते बरोबरच आहे. पण बरेच जण ३५ किंवा फोन घेऊन शेतात उभे राहतात आणि गड मागं काडेपेटीएवढा येतो. मग म्हणतात, दिसतच नाही तर उडवूनच टाकू.

गड मोठा करायचा असेल तर मागं सरका. ३५ एमएमनं ३ मीटरवरनं जोडपं जेवढं दिसतं, तेवढंच २०० एमएमनं १७ मीटरवरनं दिसतं. पण गड किलोमीटरभर लांब असेल तर दुसऱ्या फोटोत तो पहिल्याच्या साडेपाचपट मोठा येतो. जोडपं तेवढंच, मागं गड उभा राहिलेला. वरच्या हिशोबानं २०० वर एफ ८ म्हणजे गोल २५ एमएमचा. तटाची दहा मीटर उंची त्या जागी १७ सेंटीमीटरची भरते, म्हणजे नवरीच्या चेहऱ्याएवढी. दगड न् दगड दिसणार नाही, पण तटाची रेघ स्वच्छ राहते. येळ्ळूरचा माणूस बघताक्षणी सांगेल.

ह्यासाठी भाताच्या बांधावरनं मागं मागं चालायची तयारी पाहिजे. मी पोरांना फोनवरनं सांगतो: थोडं डावीकडं, आता हात धरा. सतरा मीटरवर कॅमेरा असला की जोडपं मोकळं वागतं, हा त्यातला वरचा फायदा. वेळ सुगीच्या आधीची, भात पिवळं व्हायला लागलं की. त्या दिवसांत शिवारात बासमतीचा वास असतो. तो फोटोत येत नाही, पण तो फोटो बघताना ज्याला यायचा त्याला येतो.

निपाणीकर

फोनचा पोर्ट्रेट मोड हा आणखी वेगळा विषय. आजकाल घरचीच पोरं फोनवर काढतात आणि तेच आधी सगळीकडं फिरतात. फोनची लेन्स एवढीशी, तिच्यानं खरा ब्लर फारसा होत नाही. मग फोन अंदाज बांधतो की पुढं काय आणि मागं काय, आणि मागचं रंगकाम करून पुसतो. त्या अंदाजात सगळ्यात आधी बळी जातात मुंडावळ्या. चेहऱ्यापासून सुटून लोंबणारी मोत्यांची सर फोनला बॅकग्राउंड वाटते. माझ्या चुलतभावाच्या फोटोत डाव्या गालावरची सर अर्ध्यात तुटलेली आहे, आणि खालचा गोंडा हवेत तरंगतोय. गजऱ्यातली सुटी फुलं, शालूच्या पदराचे गोंडे, अंतरपाटाची कड, सगळ्याचं तेच.

घरच्या पोरांना एवढंच सांगा की लग्नाच्या दिवशी तो मोड बंद ठेवा, साध्या कॅमेऱ्यावर काढा. बहुतेक फोनवर पोर्ट्रेटमध्ये काढलेल्या फोटोचा ब्लर नंतर कमीही करता येतो. एडिटमध्ये जाऊन बघा, मुंडावळ्या परत मिळतील.

हिडकल_काठ

माझं माहेर मराठी, सासर कन्नड. हुक्केरी तालुका. आमच्याकडं अशी लग्नं काही नवीन नाहीत. पत्रिका दोन्ही भाषांत छापली होती, आईनं मराठी बाजू वाचली, सासूबाईंनी कन्नड. मांडवाच्या कमानीवर फुलांनी नावं लिहिली होती, डावीकडं त्याचं नाव कन्नडात, उजवीकडं माझं मराठीत. मधे गणपती.

ती कमान मला फोटोत पाहिजे होती. दोन्ही लिप्या, दोन्ही नावं, त्याखाली आम्ही दोघं. फोटो आला तेव्हा वर झेंडूचा पिवळा धूर होता आणि मधे गणपतीचा केशरी ठिपका. फोटोग्राफरला विचारलं तर म्हणाला, "अक्षरं आली की नजर तिकडं जाते म्हणून उडवली." नजर जाऊ दे की. ती अक्षरं लिहायला दोन्ही घरची माणसं पहाटे चारपासून स्टुलावर चढून बसली होती.

आमच्या भागात कुठली पाटी कुठल्या भाषेत ह्याची पुष्कळ वर्षं चर्चा झाली आहे. माझ्या कमानीवर त्या दिवशी दोन्ही होत्या आणि कुणालाच काही वाटलं नाही. तो पुरावा माझ्याकडं नाही, ह्याचं वाईट वाटतं.

तांबडी_माती, मामाबद्दल वाचून हे सगळं आठवलं म्हणून लिहिलं. एक सुचवते: लग्नाआधी घरच्यांना बसवून विचारा की मागं काय काय यायला पाहिजे. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. आम्हालाही कळलं नाही की सांगावं लागतं.

शटर_टिळकवाडी

हे वाचून मी माझ्या बुकिंगच्या कागदात एक ओळ वाढवली: "कुठली जागा, वस्तू, माणसं मागं ओळखू आली पाहिजेत?" काल एका घरात विचारलं तर नवरीची आज्जी लगेच म्हणाली, "मांडे करणाऱ्या बाया." मी चाट पडलो. त्यांच्याकडं लग्नाचे मांडे घरीच होतात. हे मी कधी काढलंच नव्हतं, जेवणाच्या पंगतीत ताटातला मांडा काढायचो तेवढंच.

उचगावकर

मांडे काढणार असशील तर ३५ घेऊन जा आणि चुलीच्या बाजूला खाली बस. बाई पिठाचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करते, पातळ होत होत त्यातनं पलीकडचा उजेड दिसायला लागतो, आणि मग एका झटक्यात पालथ्या खापरावर टाकते. तो झटका अर्ध्या सेकंदाचाही नसतो. आधी दोन-चार मांडे नुसते बघ, तिची लय कळू दे. मागं भिंत काळी असते, धूर असतो. तिथं एफ ४ च्या खाली जाऊ नको. खापर, चूल आणि मागच्या बाईचे हात, तिन्ही एकमेकांत गुंतलेलं काम आहे. एक उडालं की बाकी दोनांना अर्थ नाही.

धुरानं लेन्स तेलकट होते. कापड खिशात ठेव.

हलशी_फाटा

एक_बटा_पाचशेनी हलशीचं नाव काढलं म्हणून थोडं. तिथं पूजा चालू असते, आधी विचारून जा आणि भक्तांच्या वाटेत लाइट लावू नका. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. नाव छतावरच्या दगडी कमळावरनं पडलंय, आणि लोक तिथं जाऊन ८५ नं फक्त खांब उडवून येतात. तिथं २४ एमएम घ्या, खाली बसा, कॅमेरा उभा धरा. जोडपं खाली, कमळ वर. अशा स्मारकांत धंद्याचं शूट असेल तर परवानगी आधीच काढा. ड्रोन उडवायच्या आधी सरकारी डिजिटल स्कायच्या नकाशावर लाल-पिवळा झोन (बंदीचा आणि परवानगी लागणारा भाग) बघाच. आपल्याकडं सांबऱ्याला विमानतळ आहे आणि शहरात लष्कर आहे.

गोकाकचा धबधबा मागं पाहिजे म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात जाऊ नये. ५२ मीटर उंचीचा कोरडा खडक मिळेल. पाणी पावसाळ्यात. उलट हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतं. ज्यांचं मूळ गाव त्या पाण्याखाली गेलं त्यांच्या नातवंडांनी तिथं फोटो काढायला सांगितलं तर ते देऊळ उडवू नका, एवढी विनंती.

हिडकल_काठ

शेवटच्या ओळीबद्दल आभार.

तांबडी_माती

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.

त्या घरी फोन केला होता. म्हटलं, मामा गावाला कधी येणार ते सांगा, मी येतो, पैसे नकोत. गणपतीला येणार म्हणाले, लेकही येणार होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. पाऊस असा की कौलांवरनं पागोळ्यांची जाळीच लागलेली. अंगणातला फणस पावसात काळपट हिरवा.

मामा आणि भाची पडवीच्या काठावर बसले, पाय पायरीवर. तिनं लग्नातलीच साडी नेसली होती, कुणी सांगितलं नव्हतं. मी ३५ लावली, एफ ५.६, तीन मीटरवर. ह्या सेटिंगला साधारण दोन मीटरपासून पाच मीटरपर्यंत शार्प राहतं, म्हणजे ती दोघं, पडवीचे खांब, मागचं दार आणि दारातनं दिसणारी गणपतीची आरास. पडवीत अंधार होता, आयएसओ ४००० झाला, शटर १२५. कोपऱ्यात बाबांची स्कूटर उभी होती, तिच्यावर ओला रेनकोट टाकलेला. बाबा म्हणाले, "गाडी काढू काय?" मी म्हटलं, "असू दे."

मामा कॅमेऱ्याकडं बघायला तयार नव्हता, लाजत होता. भाचीनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो हसला. तोच फोटो घेतला. नंतर पाच-सहा काढले, पण त्यांत तो सावरून बसलाय.

८५ पण बॅगेत होती. बाबांचा एकट्याचा एक काढला, एफ २.८ वर, पागोळ्या मागं घेऊन. तिथं पाणी ब्लर झालं ते बरं झालं, नुसत्या चंदेरी रेघा आल्या.

अल्बमच्या शेवटी एक कोरं पान होतं. मामाचा फोटो तिथं लावून दिला.

जुना_निगेटिव्ह

छान केलंस. पानाखाली गावाचं नाव आणि मामाचं पूर्ण नाव लिहून घे, बाबांच्याच हातानं.

तांबडी_माती

लिहून घेतलंय काका. गावाचं नाव बाबांनी लिहिलं, मामाचं भाचीनं.